नर्मदेतली निळ्या नांग्यांची कोळंबी गेली कुठे?

सुरसागर
मंडळी, सरळ विचारतो. बडोद्यात नर्मदेची कोळंबी हल्ली कुणाला मिळते का? समुद्राची नव्हे, तळ्यातली नव्हे. गोड्या पाण्यातली, वीतभर लांब, आणि मोठ्या नराच्या निळ्या नांग्या त्याच्या अंगापेक्षाही लांब. सासरे भरुचला नोकरीला होते तेव्हा चोमासं सरताना बर्फाच्या पेटीतून आमच्याकडे यायची. आता "नदीचाच माल आहे साहेब" म्हणून जे गळ्यात मारतात त्याला ना नांग्या, ना चव.

माझं मत असं की आपणच खाऊन संपवली. काही वर्षं मासेमारी कडकडीत बंद ठेवा, येते की नाही बघा परत. बायकोचं म्हणणं, दोष धरणाचा. जेवताना विषय निघाला की ताटं गार होतात, म्हणून इथे टाकतोय.

दांडियाबाजार
वहिनी बरोबर आहेत. धागा बंद करा.

कायस्थी_तिखट
बाजारातलं ते बहुतेक व्हॅनामेई असतं. मूळची अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्याची जात. २००९ मध्ये आपल्याकडे तिच्या शेतीला परवानगी मिळाली आणि आता सुरत, नवसारी, वलसाडकडची तळी तिनेच भरली आहेत. वाईट नसते, पण नदीची म्हणून नदीच्या भावाने का घ्यायची?

नांग्यांवर जाऊ नका, त्या वाहतुकीत मोडतात आणि मोडल्या नाहीत तर विकणारे मोडतात. अंगावरच्या कवचाच्या पट्ट्या बघा. व्हॅनामेईच्या आणि समुद्री टायगर कोळंबीच्या पट्ट्या कौलांसारख्या एकावर एक मागे जातात. नदीच्या कोळंबीत दुसरी पट्टी पहिलीवरही चढलेली असते आणि तिसरीवरही. एकदा डोळ्यांना सवय झाली की चालता चालता कळतं. आणि पोटाखाली अंड्यांचा घोस दिसला तर निश्चिंत राहा. व्हॅनामेई, टायगर अंडी थेट पाण्यात सोडतात, पोटाशी धरत नाहीत.

झिंगालाला
आपल्या बडोद्याच्या विश्वामित्री नदीत शोधा की. २०२४ च्या पुरात मगरी रस्त्यावर आल्या होत्या त्या कोळंबीचा भाव विचारायलाच.

दांडियाबाजार
@झिंगालाला भाव ऐकून परत गेल्या वाटतं.

प्रयोगवही
मी प्राणिशास्त्र शिकवत असे, आता निवृत्त. सुरसागर, नुसत्या मासेमारीबंदीने ती परत येणार नाही. तिला नदी पुरत नाही, समुद्रही लागतो.

मोठी कोळंबी गोड्या पाण्यात राहते, तिथेच वाढते, तिथेच मादी पोटाखाली अंडी धरते. चांगल्या वाढलेल्या मादीच्या पोटाशी ऐंशी हजार ते लाखभर अंडी असतात. सुरुवातीला केशरी, मग करडी, साधारण तीन आठवड्यांत फुटायला येतात. त्या काळात मादी प्रवाहाबरोबर खाली खाडीकडे सरकते, कारण अळ्यांना मचूळ पाणी लागतं. लिटरमागे साधारण १२ ग्रॅम क्षार, म्हणजे समुद्राच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा खारेपणा. गोड्या पाण्यातच राहिल्या तर काही दिवसांत मरतात. अळ्या उलट्या पोहतात, पोट वर आणि शेपूट पुढे. अकरा अवस्था पार केल्यावर त्यांची कोळंबीसारखी दिसणारी पिल्लं होतात. ती मग काठाकाठाने, दगडांना धरून, ओल्या खडकावरून चढतसुद्धा परत वर गोड्या पाण्याकडे निघतात.

हे फार उशिरा कळलं. मलेशियात शाओ-वेन लिंग यांना १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अळ्या जगवताना लक्षात आलं की पाण्यात थोडा खारेपणा लागतो. त्याआधी प्रयोगशाळेत अंडी फुटायची आणि सगळं मरायचं. नंतर हवाईत ताकुजी फुजिमुरा यांनी पिल्लं मोठ्या प्रमाणावर तयार करण्याची पद्धत बसवली. जगभरची गोड्या पाण्यातल्या कोळंबीची शेती तिथून सुरू झाली.

तेव्हा हिला जायची वाट लागते आणि यायचीही. दोन्हींपैकी एक तुटली तरी पुरे.

सुरसागर
सर, नमस्कार. पटतंय, पण एक शंका. सरदार सरोवर केवडियाला. समुद्रापासून दीडशे किलोमीटर तरी वर. त्याखालची नदी तर मोकळी आहे! तेवढ्यात का नाही मावत हिचा संसार?

नळकोंडाळं
मोकळी म्हणजे? धरणाखाली बारा किलोमीटरवर गरुडेश्वरचा बंधारा आहे. आणि त्याच्याही खाली नदी मोकळी असली तरी पाणी कुठंय? मी पाणीपुरवठ्यात होतो, म्हणून हा आकडा डोक्यात बसलाय: धरणातून खालच्या नदीसाठी ६०० क्युसेक सोडायचं, असं वर्षानुवर्षं चालत आलं. नर्मदेच्या पात्रात ६०० क्युसेक म्हणजे काय ते उन्हाळ्यात भरुचच्या पुलावरून खाली बघा. १५०० सोडा अशी मागणी भरुचकर करत आलेत.

नर्मदेहर
मी या धाग्यावर काय करतोय मलाच कळत नाही, घरात अंडंही शिजत नाही. पण पात्राबद्दल नळकोंडाळं म्हणतात ते डोळ्यांनी पाहिलंय.

आम्ही परिक्रमेत होतो. दक्षिण तटावरून विमलेश्वरहून होडीने मिठीतलाईला उतरतात, ते भरतीच्या वेळेवरच. खंबातच्या आखातात भरती-ओहोटीत दहा मीटरचा फरक पडतो, त्यामुळे नावाडी घड्याळ बघत नाही, पाणी बघतो. तिथे खारं लागणारच. पण भरुचच्या घाटावर एका उन्हाळ्यात आचमन घेतलं आणि मिठाचं! सोबतचे काका म्हणाले, मैया रडतेय. मी म्हटलं काका, मैया रडत नाही, समुद्र वर आलाय.

टेंबे स्वामींच्या समाधीला गरुडेश्वरी जाणाऱ्यांनी जुन्या लोकांना विचारावं, तेव्हा पात्र कसं होतं. माझी आजी सांगायची की घाटावर पाय बुडवले की बारके झिंगे बोटांना चावायचे आणि सगळ्या बायका ओरडत उठायच्या.

कायस्थी_तिखट
@नर्मदेहर आजींच्या पायाला चावणारे झिंगे आता ताटात आणू नका म्हणजे झालं.

नर्मदेहर
ताई, नर्मदे हर 🙏

काठावरचा
आमची जमीन भरुचजवळ, खालच्या बाजूला. खारं पाणी वर आलंय ते तुम्ही लोक गंमत म्हणून सांगता, आमच्या विहिरी गेल्या. बोअरचं पाणी पिकाला घातलं की जमिनीवर पांढरा थर येतो. म्हणून खाली भाडभूतचा बॅरेज, म्हणजे नदीवरचा दरवाज्यांचा बांध, व्हावा असं मी उघड म्हणतो. २०१७ मध्ये पायाभरणी झाली. तो झाला की खारं पाणी खाली थांबेल, वर गोडं पाणी साठेल. कोळंबी महत्त्वाची की माणूस, हे बडोद्यात बसून सांगणं सोपं आहे.

दांडियाबाजार
हा मुद्दा आहे.

तापीकाठ
पण भाडभूत हेच तर माछी लोकांचं, मासेमारांचं गाव! पाल्याची, म्हणजे आपल्या हिलशाची तिथली मासेमारी प्रसिद्ध. तोही कोळंबीसारखाच दोन घरांचा, फक्त उलटा: राहतो समुद्रात, अंडी घालायला नदीत. बॅरेज झाला की दोघांच्याही तोंडावर दार. गंगेवरचा फराक्का बॅरेज १९७५ मध्ये झाला आणि नदीत वरच्या बाजूला हिलशाचं काय झालं ते बंगाली लोकांना विचारा.

झिंगालाला
एक अडाणी प्रश्न. कोळंबीच्या अळ्यांना खारं लागतं. खारं पाणी भरुचपर्यंत आलं. मग त्यांची चंगळच झाली की!

प्रयोगवही
अडाणी नाही, परीक्षेत विचारण्यासारखा प्रश्न आहे. अळ्यांना लागतं मचूळ पाणी, आणि मचूळ पाणी तयार होतं ते वरून भरपूर गोडं आणि खालून खारं एकमेकांत मिसळून. वरून येणारं गोडं आटलं की थेट समुद्राचंच पाणी वर सरकतं. शिवाय मोठी कोळंबी राहते गोड्या पाण्यात, तो पट्टा तेवढा आखडतो. आणि पावसाळ्यातला लोंढा अळ्यांना खाली नेतो, तेही बिघडतं. पूर्वी दर वर्षी पूर यायचा, आता धरण भरलं तरच दरवाजे उघडतात.

@काठावरचा, तुमच्या विहिरींचं दुःख आणि कोळंबीचं दुःख एकाच कारणाचं आहे. नदीला पाणी कमी पडतं. तुम्ही त्यावर भिंत मागता, माछी पाणी मागतात.

काठावरचा
पाणी मागून चाळीस वर्षं मिळालं नाही साहेब. नर्मदेच्या पाणीतंट्याच्या १९७९ च्या निवाड्यात चार राज्यांनी वाटून घेतलं, नदीचं नाव त्या यादीत नव्हतं. भिंत निदान दिसते तरी.

सुरसागर
वाद चांगला चाललाय पण मासेमारीचा मुद्दा सगळ्यांनी सोडूनच दिला.

प्रयोगवही
सोडलेला नाही. अंडी धरलेल्या माद्या पावसाळ्यात खाडीत गोळा होतात, एकाच वेळी, एकाच टापूत. जाळं टाकणाऱ्याला याहून सोपं काय? आणि बाजारात अंडीवाली म्हटलं की गिऱ्हाईक खूश. एका मादीबरोबर लाखभर अळ्या जातात. दुसरं, कोळंबीशेतीची लाट होती तेव्हा देशात बऱ्याच ठिकाणी मच्छरदाणीसारख्या बारीक जाळ्यांनी नदीतून वर निघालेली पिल्लं उपसून तळ्यांना विकली जायची. हे नुकसान खरंच आहे. माझं म्हणणं एवढंच की बंदी घातली आणि वाट बंदच राहिली तर फक्त कमी वेगाने संपेल.

केरळात वेंबनाड सरोवरात हे आधीच घडलंय. कुट्टनाडची भातशेती खाऱ्या पाण्यापासून वाचवायला तण्णीरमुक्कमचा बांध घातला, १९७० च्या दशकात. उन्हाळ्यात काही महिने दरवाजे बंद. भात पिकलं, पण तिथली नामांकित नदीकोळंबी घसरत गेली. काठावरचा यांनी त्याचा अभ्यास जरूर करावा, दोन्ही बाजूंनी. तिथे दरवाजे कधी उघडायचे यावर शेतकरी आणि मच्छीमार अजून भांडतात.

बॅटनरूजकर
मूळ कारेलीबागचा, सध्या लुइझियानात. आमच्या मिसिसिपीत हीच गोष्ट, जात वेगळी. इथल्या कोळंबीला ओहायो नदीचं नाव आहे, कारण ती समुद्रापासून शेकडो मैल आत, थेट ओहायो नदीपर्यंत पोचायची. १८७४ मध्ये तिचं शास्त्रीय वर्णन झालं ते तिथल्याच नमुन्यांवरून. गेल्या शतकाच्या सुरुवातीला इलिनॉयचे मासेमार ती पकडून विकायचे, खायलाही आणि गळाला आमिष म्हणूनही. आता तिकडे दिसली तर बातमी होते. खाली आमच्याकडे अचाफलाया नदीत अजून आहे. उन्हाळ्याच्या रात्री इवलीशी पिल्लं काठाला चिकटून पृष्ठभागाजवळून वर जात असतात, थांबायचं नाव नाही.

इथे एकच एक मोठं धरण दोषी नाही, हे मुद्दाम सांगतो. दोन्ही काठांना तट बांधले, बोटींसाठी पात्र सरळ आणि वेगवान केलं, पिल्लांना चढायला लागतो तो काठाचा संथ, उथळ पट्टाच गेला. वरच्या भागात बोटी चढवण्या-उतरवण्यासाठी कुलुपबंधारे. नर्मदा-महीत वाळू उपसून काठ उभे कडे केलेत, ते मी दर खेपेला ट्रेनमधून बघतो. धरणाला शिव्या देताना ट्रॅक्टरही मोजा.

मकरपुरा_शिफ्ट
महीचं नाव निघालंच आहे तर. सिंधरोटला आम्ही पोहायला जायचो, बंधाऱ्याखाली दगड उलटले की झिंगे सापडायचे. मोठे कधीच नाही, बोटाएवढे. ते अजून आहेत. आमच्या गावच्या तळ्यातही आहेत, तिथून तर समुद्राला जायला रस्ताच नाही. मग सरांचा सिद्धांत कसा बसवायचा?

प्रयोगवही
तळ्यातली ती वेगळी जात आहे, त्याच कुळातली. तिची अंडी थोडी पण मोठी असतात. अळीची बरीचशी वाढ अंड्यातच होते, म्हणून समुद्राची गरज नाही. तळं, कालवा, जलाशय, कुठेही पिढ्या काढते. मोठ्या कोळंबीने लाखभर बारीक अंड्यांचा मार्ग धरला, तिला खाडी लागते. धरणांच्या मागे बारके झिंगे दिसतात आणि लोक म्हणतात "कोळंबी तर आहे की". आहे, पण ती ही नव्हे.

दांडियाबाजार
सर, तुमच्या वर्गात असतो तर पास झालो असतो.

कायस्थी_तिखट
चर्चा गंभीर झाली, आता जरा पोटाचं बोलू. कुणाला खरी मिळालीच तर दोन गोष्टी पाळा. एक, डोकं लावलेली कोळंबी बर्फाशिवाय घरी आणू नका. डोक्यातल्या पाचकरसाने मांस आतून पिठूळ होतं आणि मग म्हणता नदीच्या कोळंबीत काही राम नाही. दोन, डोक्यातलं केशरी तेल फेकू नका! आमच्याकडे भुजण्यात तेच आधी तेलावर घालतात, मग लसूण, मिरची, कोथिंबीर, कांदा. वरून पाणी नाही. झाकण ठेवायचं आणि बाजूला उभं राहायचं, फोन बघायचा नाही.

झिंगालाला
ताई, पत्ता द्या.

मकरपुरा_शिफ्ट
कांदा लसणाआधी की नंतर यावर वेगळा धागा काढा, नाहीतर इथे ठाणे विरुद्ध बडोदा सुरू होईल.

सुरसागर
बरं, मग आणखी एक पर्याय. सरकारी बीजकेंद्रातली पिल्लं आणून नर्मदेत सोडायची. शेतीसाठी बनवतातच ना?

प्रयोगवही
जलाशयांत सोडतात. वाढते, पकडता येते, उत्पन्न मिळतं. पण पुढची पिढी तिथे होत नाही, दर वर्षी नव्याने सोडावी लागते. त्याला मी शेती म्हणेन, नदी जिवंत होणं म्हणणार नाही.

शेतीचंही बघा. आपल्याकडे २००५ च्या आसपास उत्पादन शिखरावर होतं, मग वेगाने कोसळलं. शेपूट पांढरी पडून पिल्लं मरण्याचा विषाणूरोग आला, एकाच घराण्यातलं बीज पुन्हा पुन्हा वापरल्याने वाढ खुरटली, आणि व्हॅनामेई आल्यावर लोक तिकडे वळले. भुवनेश्वरच्या केंद्रीय संस्थेने मग निवडक पैदाशीतून सुधारित वाण काढायला घेतला. त्यासाठी नैसर्गिक पाण्यातले जनक तीन राज्यांतून गोळा केले: केरळ, ओडिशा आणि आपलं गुजरात. म्हणजे शेतीलासुद्धा शेवटी रानटी रक्तासाठी नदीकडेच यावं लागलं. नदीतली संपली तर पुढच्या वेळी कुठे जाणार?

नळकोंडाळं
मला पोर्टो रिकोचं एक काम आठवतं. छोटं बेट, नद्यांत भरपूर कोळंबी, सगळी अशीच खालीवर जाणारी. ज्या उंच धरणांवरून पाणी सांडत नाही, त्यांच्या वर कोळंबी शून्य. आणि कोळंबी गेल्यावर दगडांवर शेवाळ आणि गाळ साचला, कारण पालापाचोळा, शेवाळ साफ करणारं कुणी उरलं नाही. पण मला त्याहून महत्त्वाचं वाटलं ते पाणीउपशाचं. एका नदीवर शहरासाठी पाणी ओढणाऱ्या ठिकाणी वाहत येणाऱ्या अळ्यांपैकी सरासरी ४२ टक्के आत खेचल्या जाऊन मरत होत्या. अळ्या बहुतेक रात्री वाहतात. संध्याकाळनंतरचे ठरावीक तास पंप बंद ठेवले की त्यातल्या बऱ्याच वाचतात. काही पाडायला नको, बांधायला नको.

बडोद्याचं महीवरचं पाणी त्यात येत नाही, हेही सांगतो. फाजलपूर, रायका, दोडका, पोइचा इथल्या फ्रेंच विहिरी वाळूखालून पाणी घेतात, अळी आत शिरत नाही. उघड्या पात्रातून थेट पंप लावणाऱ्यांचा प्रश्न आहे.

काठावरचा
हे कामाचं बोललात. आता मलाही विचारायचंय. भाडभूतच्या आराखड्यात मासे जाण्यासाठी मार्ग ठेवलाय, असं आम्हाला सांगितलं. त्याने कोळंबी जाईल का?

तापीकाठ
कागदावर सगळं जातं.

प्रयोगवही
तापीकाठ, थांबा जरा, प्रश्न चांगला आहे. माशांचे मार्ग बहुधा जोरात पोहणाऱ्या माशांसाठी आखतात. पायऱ्या, कुंड्या, धबाबा पाणी. कोळंबीचं पिल्लू तेवढ्या वेगात टिकत नाही. त्याला हवा असतो खडबडीत, उताराचा, सतत ओला राहणारा कडेचा भाग, ज्यावरून पातळ पाणी वाहतं. रात्री त्यावर दिवे नकोत. परदेशात ईल माशांच्या पिल्लांसाठी असे ओले उतार करतात. हे आधीच आखलं तर मुख्य कामाच्या मानाने खर्च किरकोळ. नंतर भिंत फोडून करायचं तर कुणी करणार नाही.

आणि खाली येणाऱ्या माद्या आणि अळ्यांचा विचार वेगळा. वर साठलेल्या संथ पाण्यात अळ्या अडकल्या तर मचूळ पाण्यापर्यंत पोचायच्या आत मरतील. म्हणून पावसाळ्यात दरवाजे किती आणि कधी उघडे राहतात हे मार्गाइतकंच महत्त्वाचं.

सुरसागर
काठावरचा, तुम्ही बॅरेजच्या बाजूचे, म्हणून तुमचं ऐकतील. आमच्यासारख्यांना विचारतो कोण.

काठावरचा
गावात बैठक असते अधूनमधून. विचारतो. पण मला नेमकं चार ओळींत द्या, तिथे कुणाला अकरा अवस्था ऐकायला वेळ नाही.

प्रयोगवही
घ्या. "पावसाळ्याच्या महिन्यांत काही दरवाजे रात्री पूर्ण उघडे ठेवावेत. दोन्ही काठांना खडबडीत दगडी उतार ठेवून त्यावरून वर्षभर पातळ पाणी सोडावं, त्यावर दिवे नसावेत. अंडी धरलेल्या माद्यांच्या काळात बॅरेजच्या दोन्ही बाजूंना ठरावीक अंतरात जाळं टाकायला बंदी असावी, आणि ते अंतर माछी समाजाला विचारून ठरवावं. वरून किती पाणी सोडलं त्याचा रोजचा आकडा गावात फळ्यावर लिहावा."

तापीकाठ
शेवटची ओळ पहिली घाला.

काठावरचा
घातली. आता गुजरातीत करून घेतो, माछी वाड्यातला एक मित्र आहे, त्याच्याकडूनच लिहवतो. बॅरेजवरून आमचं बोलणं बंद आहे, पण यासाठी येईल तो.